डबा उजवीकडे!

मंडळी, दुपारपासून डोक्यात हेच घोळतंय.

आज नातीच्या शाळेत 'हेल्दी टिफिन डे' होता. सुनेला सुट्टी मिळेना, म्हणून मी गेलेले. मिस भाज्यांची चित्रं दाखवून छान समजावत होत्या. आमची रेवा मात्र डब्यातल्या दुधीकडे शत्रूसारखी बघत बसलेली.

मला डोंबिवलीतली माझी तिसरी आठवली. ऐंशीचं दशक नुकतंच लागलेलं. मधल्या सुट्टीत आम्ही गोल करून बसायचो. डबे उघडले की बाई टाळी वाजवायच्या, "डबा उजवीकडे!" आपला डबा शेजारणीला द्यायचा आणि आपल्यापुढे येईल तो संपवायचा. बाईंचा डबासुद्धा फिरायचा.

घरी कारलं बघून रडणारी मी, शेजारी बसणाऱ्या मीनलच्या आईचं कारलं बोटं चाटून खायचे. हे कळल्यावर आई फुगलीच. "माझ्या कारल्यात काय विष असतं गं?" मग स्वतःच मीनलकडे जाऊन कृती विचारून आली. अगदी तस्संच केलं. मी तोंड वाकडं केलं.

तर आज मी हळूच रेवाचा डबा शेजारच्या कबीरपुढे सरकवला आणि त्याची मेथी तिच्यापुढे. दोघंही चक्क खायला लागली! तेवढ्यात मिस आल्या. "आजी, शेअरिंग अलाऊड नाही हं." त्यांनी सांगितलेलं ॲलर्जीचं कारण मला पटलं. डबे परत बदलले.

रेवाने दुधीकडे पाहिलं आणि झाकण लावलं.

खरं सांगा, शाळेतल्या डब्यातली कुठली भाजी तुम्हाला अजून आठवते? आणि ती कोणाच्या आईची?