सातवी बांगडी

हुपरीच्या स्टँडवर आईनं माझ्या बॅगेची चेन तीनदा तपासली. "तितं कुणाचं उपकार इसरू नगंस," एवढंच म्हणाली. एसटी सुटली तेव्हा ती दुसऱ्याच गाडीकडं बघून हात हलवत होती. तिचे डोळे तेव्हाच गेलेले, मला कळायला वेळ लागला.

आठवीतून शाळा सोडून मी तिच्याशेजारी पैंजणांना घुंगरू जोडायला बसले होते. लग्न होऊन अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात आले, आणि त्या सवयीच्या बोटांवरच एका चिनी बाईंच्या दागिन्यांच्या दुकानात मणी ओवायचं काम मिळालं. नगरपालिकेची डच पत्रंसुद्धा बाईच मला समजावून द्यायच्या. आठाच्या आकड्याला मान, चाराला कुणी हात लावत नाही, एवढं दुकानात शिकले होते.

बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. माझं कामाचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं. आईकडून चांदीच्या सहा बांगड्या मागवल्या, तर आल्या सात. फोनवर म्हणाली, "वरची एक लागतीयाच की गं. मोजून दिलं की नातं तितंच थांबतं." दिसत नसताना रिठ्याच्या पाण्यात घासल्या होत्या तिनं. एक कशी काढू? सातही दिल्या.

बाईंच्या सासूबाईंनी त्या मोजल्या आणि नातीचा हात मागं ओढला. बाई मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. त्यांच्याकडे लग्नात सगळं जोडीनं देतात. विषम आकडा मयताच्या घरी. कॉन्ट्रॅक्ट गेलं, असंच वाटलं. मी नुसतं सॉरी, सॉरी.

"तू कुठं आमच्यात वाढलीस?" म्हणत त्यांनी एक बांगडी माझ्या मुठीत ठेवली. "आता सहा. सहा छान." पुढच्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टही वाढवलं. परक्या बाईसाठी एवढं कोण करतं?

आईनं फोनवर विचारलं, "सगळ्या घातल्या का पोरीनं?"

"व्हय."

"मग त्यास्नी सांग, नातवंडाचं वाळं बी मीच घासून धाडीन."

तेव्हापासून तिनं काही पाठवते म्हटलं, की मी आधी किती नग ते विचारते. सुट्टीत हुपरीला गेले होते. शेजारणीची ओटी भरताना पाचवं फळ उचललं आणि हात तसाच राहिला. शेजारीण पदर पसरून उभी. आईला दिसलं नाही, बरं झालं.

तुम्ही विचारता, तिथं अ‍ॅमस्टरडॅमला आता घरासारखं वाटतं का? जिथं काही देताना भीती वाटायची नाही, ते माझं घर होतं. आता तशी जागा मला तिकडंही सापडत नाही, इकडंही नाही.