शनिवारपर्यंत

वसतिगृहाच्या कचेरीत आमच्या खिडकीशी एक मुलगी रडवेली होऊन उभी होती. "मॅडम, मुदत शनिवारपर्यंत होती ना? मी शनिवारी दुपारी अर्ज भरला. तरी यादीत नाव नाही."

माझ्या शेजारच्या अनघाने संगणकात पाहिलं. अर्ज पोचला होता; पण यादीसाठी अर्ज निवडताना संगणकाला शेवटची म्हणून नुसती शनिवारची तारीख दिलेली, वेळ नाही. यंत्राने शनिवार लागताक्षणीच, शुक्रवारच्या मध्यरात्रीच मुदत संपवली आणि त्या दिवशीचे सगळे अर्ज गाळले.

माणसाच्या 'पर्यंत'मध्ये अख्खा दिवस मावतो. घरचं सगळं उरकून धावत येणाऱ्यांसाठीच तर तो शेवटचा दिवस असतो.

अनघाने अट बदलली, 'रविवार लागण्याआधी'. "आलं गं तुझं नाव!"

"मैत्रिणीचाही अर्ज शनिवारचाच! नाव नाही म्हणून ती गावी परतायला एसटी स्टँडवर गेलीय," म्हणत मुलगी पळतच सुटली.