मेलेले नाकतोडे जाळू नका

दुसरी मोठी लढाई संपली होती, रेशनिंग संपलं नव्हतं. मुंबईत लोक मूठभर तांदळासाठी रांगेत उभे होते आणि इकडे कर्जत-खालापूरच्या खाचरांत नाकतोडे उभा भात खात होते. मला त्याचा भयंकर संताप यायचा. तेव्हा मी बावीस वर्षांचा. मुंबईहून खेड्यांत काम करणाऱ्या आमच्या मंडळाची पत्रकं लिहायचो आणि लिहून छापलं की काम झालं असं मानायचो.

नाकतोड्यांवरचं पत्रकही माझंच. शेतकी खात्याच्या एका जुन्या पुस्तिकेतून उतरवलं आणि शेवटी पदरचं एक वाक्य घातलं: ‘मेलेले, जिवंत सगळे नाकतोडे गोळा करून जाळा. एकही शिल्लक ठेवू नका.’ ‘एकही’ जाड ठशात.

भादव्यात गठ्ठा घेऊन केळवलीला गाडीतून उतरलो आणि चिखल तुडवत तासाभरावरच्या एका गावात गेलो. तिथली शेती सावडीवर चालायची. आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी तुझ्या. मजुरीचा प्रश्नच नाही. सावडीची पाळी लावणारे एक आबा होते. त्यांनी पत्रक वाचून घेतलं आणि नाकतोडेही सावडीनंच धरायचं ठरवलं. जुन्या धोतरांची लांबलचक झोळी शिवली. दोघं दोन बाजूंनी ती भाताच्या शेंड्यांवरून ओढत नेत, दुसऱ्या टोकाला तोंड आवळत, आणि बांधावर पेंढा टाकून सगळं पेटवत. घाण वास सुटायचा. मी मात्र खूश.

पाचव्या दिवशी पाळी आली गावातल्या एका काकींच्या शेताची. त्यांचा नवरा खोपोलीला कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणारा. ओढ्याकडेची तीन खाचरं काकी एकट्याच बघायच्या. झोळी येताना दिसली तशा त्या बांधावर आडव्या उभ्या राहिल्या.

“माज्या शेतात झोळी नको, आबा.”

“का गं? तुजे नाकतोडे पाळलेले हायेत?”

माणसं हसली.

“मरतायत ते आपसूक. बघा येऊन.”

आम्ही गेलो. शेंड्याशेंड्यावर नाकतोडे बसले होते, डोकं वर, पायांनी पात गच्च धरून. बोट लावलं तरी उडेनात. मेलेले होते. पोटं फुगलेली आणि त्यांवर राखाडी बुरा, शिळ्या भाकरीवर यावा तसा.

“मागल्या सालीबी आला व्हता हा बुरा,” काकी म्हणाल्या. “एक वर चढून मरतो. त्याच्या अंगाचं खालच्यांवर पडतं. मंग चार-पाच दिसांत खालचे वर चढतात. तुमी मेलेलेच जाळलेत तर जित्यांना मारनार कोन?”

मी पत्रक उघडलं. “काकी, इथं स्पष्ट लिहिलंय. मेलेले, जिवंत सगळे.”

“कुनी लिवलंय?”

“मी.”

“तुमी कदी बसलाव का भाऊ, शेताच्या बांधावर?”

यावर माणसं आधीपेक्षा जास्त हसली. आबा तेवढे हसले नाहीत. “हे बघ,” ते म्हणाले, “गावानं ठरवलंय. एकीचं शेत राह्यलं तर तिथले उडून सगळ्यांच्यात जातील. झोळी नको, तर कापनीलाबी आमाला हाक मारू नको.”

हे साधं बोलणं नव्हतं. तीनही खाचरं एकदम पिकणार होती. पिकलेला भात आठ दिवस उभा राहिला की दाणा झडतो, आणि एकटीच्या विळ्यानं तो वेळेत निघणं शक्य नव्हतं. तरी काकी म्हणाल्या, “बरं. नाय मारत हाक.”

मी वहीत ‘अडाणीपणा’ असा शब्द लिहिला आणि खाली रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना समजावायला म्हणून गेलो, तर त्या दवातच कामाला लागलेल्या. बुरा आलेला नाकतोडा ज्या काडीवर असेल ती काडी अलगद कापायची आणि तिसऱ्या खाचरात नेऊन खोचायची. तिथले नाकतोडे अजून टणाटण उडत होते.

“हे काय करताय?”

“दुधाला इरजन लावतो ना, तसं. उभे नका राहू, काड्या धरा. हलवू नका, सांडंल.”

मी धरल्या. समजावायचं राहून गेलं.

पुढचे आठ दिवस धुकं आणि बारीक पाऊस. मी गावातच राहिलो आणि रोज तिसऱ्या खाचराच्या बांधावर बसलो. हळूहळू तिथलेही शेंडे धरून बसू लागले. आठव्या दिवशी उडणारा नाकतोडा शोधावा लागत होता. आबांच्या शेतात झोळी तीनदा फिरली होती आणि चौथ्यांदा फिरवायची वेळ आली होती. हे सगळं त्या काड्यांनी केलं की ओल्या हवेनं, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण बुरा आलेलेही जाळून आम्ही नुकसान केलं, एवढं नक्की.

आबांनी मला गाठलं. “त्या बुऱ्याच्या काड्या कुनाला देईल का, इचार तिला.”

“तुम्हीच विचारा की.”

“मी कसा इचारू? मीच बोललोय तिला.”

मी विचारलं. काकींनी भाराभर काड्या कापून दिल्या. “सकाळी खोचा म्हनावं, दव असताना. उनात सुकतो बुरा.”

मुंबईला येऊन मी मंडळात सांगितलं, पत्रक मागे घ्या. चिटणीस म्हणाले, “एका बाईच्या सांगण्यावरून?” मी म्हटलं, “हो, एका बाईच्या. छापलं ते एका पोराच्या सांगण्यावरून होतं.” पत्रक मागे घेतलं नाही. मी उरलेले गठ्ठे उचलले आणि प्रत्येक प्रतीवरचं ते वाक्य शाईनं खोडून वर लिहिलं: ‘शेंड्यावर मेलेला नाकतोडा आहे तिथेच राहू द्या.’ बोटं काळी झाली. त्या वर्षातलं माझं सर्वांत उपयोगी लिखाण तेच असावं.

दिवाळीनंतर कापणीला मुद्दाम गेलो. काकींनी कुणालाच हाक मारली नव्हती. पहाटेच एकट्या सुरू झाल्या होत्या आणि ऊन अंगावर येईपर्यंत एक कोपरा जेमतेम आडवा झाला होता. तेवढ्यात बांधावरून आबा आले, हातात विळा, मागे आठ-दहा बाया-माणसं.

काकींनी कंबर सरळ न करताच म्हटलं, “मी हाक नाय मारली.”

“म्हनून तर आलो. मारली असतीस तर आलो नसतो. शब्द हाय माजा.” आबांनी सगळी रांग खाचरात उतरवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “आन् कागदवाले भाऊ काय बघतायत? इळा द्या रं त्यांना.”

मला कडेची ओळ मिळाली. सगळे पुढे निघून गेले, काकी सर्वांत पुढे. दुपारच्या आत पहिलं खाचर मोकळं झालं.