पद्माकरांची बर्फाची गुहा

लंडनजवळच्या पिनरचे डॉ. पद्माकर साध्या सहलीलासुद्धा आराखडा काढल्याशिवाय निघत नसत. जन्मभर भूलतज्ज्ञ म्हणून त्यांनी लोकांचे श्वास राखले. निवृत्तीनंतर राखायला काही उरलं नाही, म्हणून स्कॉटलंडच्या डोंगरात बर्फाची गुहा खणून तीत रात्र काढायचा घाट त्यांनी घातला. पत्नी शैलाताई आणि बेसिंगस्टोकचं तरुण जोडपं, नंदू आणि आसावरी, एवढीच फौज. पिनरच्या गालिच्यावर सगळ्यांना ओळीने आडवं करून त्यांनी रुंदीची मापंसुद्धा घेतली होती. आसावरी हसून हसून बेजार झाली होती.

डोंगरावर मात्र दृष्ट लागावी असं काम झालं. झोपायचा ओटा दारापेक्षा उंच, म्हणजे गार हवा खाली उतरते. छत घुमटासारखं, म्हणजे पाणी टपकत नाही. शेवटी पद्माकरांनी चालायची काठी छतातून आरपार घालून हवेसाठी भोक पाडलं आणि बजावलं, "हे ब्लॉक झालं तर आपण संपलो. क्लिअर?"

दुपारीच वादळ आलं. सगळे आत शिरले, दाराला सॅक लावल्या. शैलाताईंनी आलं घालून चहा स्टोव्हवर चढवला. पाण्यात पिशवी बुडवून त्याला चहा म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांचा चहा निवांत उकळायचा.

"अहो, कानात वारा शिरतोय," त्या म्हणाल्या.

कानात वारा म्हटलं की आपल्या माणसांची अक्कल चरायला जाते. पद्माकरांनी गळ्यातला मफलर काढला आणि घरच्या खिडकीच्या फटीत कोंबावा तसा वरच्या भोकात कोंबला. छान ऊब आली. आसावरी जांभया देऊ लागली.

"दमलीयेस. पड जरा," ते म्हणाले.

नंदूने चहा पुढे केला, तेव्हा तिने हात उचलला नाही. हाकेला ओ दिली नाही. पद्माकर तिच्यावर झुकले. श्वास उथळ होता, मधेच अडखळत होता. त्यांनी वर पाहिलं. हे कुठल्या गाढवाने केलं, असा संताप उसळला, आणि मग हात आपल्याच उघड्या गळ्याकडे गेला.

मफलर ओढून, स्टोव्ह विझवून, सॅक लाथाडून त्यांनी नंदूच्या मदतीने तिला वाऱ्यात बाहेर काढलं. बऱ्याच वेळाने ती ओकली आणि तिने डोळे उघडले. नंदू रडत त्यांच्या पायांशी वाकला.

"काका, तुम्ही होतात म्हणून वाचली."

"भोक मीच बुजवलं होतं, नंदू."

नंदू सावकाश उभा राहिला. वादळ चढत होतं आणि आसरा तेवढा एकच होता. आसावरी आत जायला तयार होईना. त्याने भोक मोठं केलं, स्टोव्ह बाहेर ठेवला आणि तिला म्हणाला, "चल, मी जागा राहतो." मग पद्माकरांकडे न बघता म्हणाला, "काका, तुम्ही दाराशी बसा. कशालाही हात लावू नका, प्लीज."

"बरं," पद्माकर म्हणाले.

शैलाताईंनी आसावरीच्या अंगावर पांघरूण घातलं, पण तिने डोळे मिटले नाहीत. ती पद्माकरांच्या हातांकडे बघत पडून राहिली.