टिपरांवर तयार झालेला कान

माझ्या जुन्या व्हॅनचं इंजिन ठकठक करू लागलं, तेव्हा हरमलच्या पर्यटकांना ते गोव्याचं संगीत वाटलं असावं. पण मग भाडी कमी झाली. घर त्याच व्हॅनवर चालतं, म्हणून साखळीच्या एका नावाजलेल्या मेस्त्रीकडे गेलो.

त्याने चालू इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मी आणि बाकीची गिऱ्हाइकं देवळात कौल घ्यायला आल्यासारखे हात बांधून उभे.

"गप रवा जरा," तो म्हणाला. बोलत कोणीच नव्हतं.

बऱ्याच वेळाने कौल मिळाला. प्लग गेलेत. प्लग बदलले, ठकठक होती तशीच. पुन्हा स्क्रूड्रायव्हर, पुन्हा समाधी.

"आता आयका, कसा गप चलता."

"मेस्त्री, आवाज येतोय अजून."

"काय?"

मी ओरडून सांगितलं. तो माझी कीव आल्यासारखा हसला.

"खंयचो आवाज? सुर्ल्याच्या खाणीर मातयेच्या ट्रकांखाली, त्या टिपरांखाली जल्म काढून तयार झालेलो कान हो. खाणी बंद पडल्यो, तेव्हापासून सगळी इंजिनां कशी शांत झाली."

शेजारच्या रिक्षावाल्याने मला कोपराने ढोसलं. "होय म्हणा. आमी सगळे तसाच म्हणतंव."

"गेला आवाज," मी म्हणालो.

डिचोलीच्या दुसऱ्या गॅरेजकडे जायला व्हॅन ठकठकत निघाली. बाजारातली माणसं वळून बघत होती. तो मात्र गॅरेजच्या दारात पाठमोरा उभा राहून समाधानाने हात पुसत होता.