बुद्धिबळ मुळापासून काढताना

खुशाल हसा, पण आधी सगळं ऐकून घ्या.

इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि सिडकोतल्या खैरनार सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागलो. सर गणिताचे रिटायर्ड मास्तर. माउस असा धरायचे जसं काही झुरळ चिमटीत पकडलंय.

घरी बाबांचं एकच पालुपद. "सहा महिन्यांत एका दिवसाचं काम झालं असेल तुझं. तेही दुपारपर्यंत." हे कोण बोलतंय, तर वीज खात्यातले कारकून, ज्यांच्या टेबलावर कागद वयात येतात.

म्हणून मी क्लासच्या लिनक्स मशीनवर एक प्रोग्राम लिहिला. गावाचं नाव, समजा कळवण, टाइप करा, सीबीएस स्टँडवरून तिकडे सुटणाऱ्या एसटी गाड्यांच्या वेळा हजर. रविवारी अकराला पालकांना पोरांचं काम दाखवायचं होतं. बाबा येणार होते. त्यांचं तोंड बंद करायची हीच संधी.

दहा वाजता सर म्हणाले, "ते बुद्धिबळ काढून टाक. पालकांसमोर पोरं नेमकं तेच उघडतील."

बुद्धिबळ मीच सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडपासून, कंपाइल करून टाकलेलं. त्या कोडचा फोल्डर उडवला. "निघालं, सर."

सरांनी क्लिक केलं. पट उघडला. "तुझं निघालेलं इथं प्यादं सरकवतंय."

आता खरी गंमत ऐका. असा प्रोग्राम टाकला की त्याचे तुकडे दहा ठिकाणी जाऊन बसतात. ते गोळा करून काढायची सोय असते त्याच फोल्डरमध्ये, जो मी नुकताच उडवला होता.

मग अक्कल चालवली. बुद्धिबळाच्या फायलीची तारीख बघितली आणि मशीनला हुकूम दिला, या तारखेची एकूण एक फाइल शोध आणि पुसून टाक. एंटर.

"गेलं," सर म्हणाले. "पण पोरांचे प्रोग्राम कुठं आहेत?"

मी माझा प्रोग्राम उघडायला गेलो. अशी फाइलच नाही.

"तारीख कुठली दिलीस?"

"एक जानेवारी दोन हजार."

सर मटकन खुर्चीत बसले. मशीनच्या आत तारीख सांभाळणारा छोटा सेल असतो. आमचा मेलेला. लाइट गेली की तारीख परत एक जानेवारी, आणि लोडशेडिंग तर रोजचं. म्हणजे सहा महिने आम्ही सगळं एक जानेवारीलाच बनवत होतो. दिवाळीत सरांनी नवा सेल आणून दिला, दहादा म्हणाले, "बसव रे." मी म्हणालो, "सर, भिंतीवर कॅलेंडर आहे की."

सेल अजून माझ्या सॅकमध्येच होता.

अकराला बाबा आले, इस्त्रीचा शर्ट घालून. सरांनी काहीएक न लपवता सगळं सांगितलं.

बाबांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे या मशीनच्या मते याचं सहा महिन्यांचं काम एकाच दिवशी झालंय?"

"हो."

"दुपारपर्यंत?"

सरांनी मान हलवली. बॅच रोज नऊ ते बाराच असायची.