काकांनी केलेला मालक

बाई असो की गडी, सारख्या कामाला मजुरीचा रोज एकच मिळावा, हे लोकांना पटावं म्हणून मी आमच्या कॉलेजच्या पोरांसाठी पथनाट्य लिहिलं आणि पहिला प्रयोग माझ्याच गावात, पेडगावला ठेवला. ऐन वेळी मालकाचं काम करणाऱ्या पोराचा घसा बसला. मग मी काकांना उभं केलं. ते खरेखुरे मालक, आवाज तीन शेतं ओलांडणारा. तालमीची गरजच नव्हती.

काका असे रंगले की विचारू नका. शेवटी मालकाला उपरती होते आणि तो म्हणतो, "उद्यापासून बाईला आन गड्याला रोज एकच!" टाळ्या पडल्या. टाळ्यांची नशा वाईट. काकांनी पदरचं वाक्य जोडलं, "समद्या गावापुढं सांगायलोय मी हे!"

दुसऱ्या दिवशी काकांच्या सोयाबीनची कापणी होती. गड्यांनी आपापली पात, म्हणजे कापायच्या ओळी, धरली, बायका मात्र बांधावरून हलेनात. गड्याला पाचशे, बाईला तीनशे असा आजवरचा रिवाज. इकडे शेंगा तडकायला लागलेल्या, वर आभाळ भरून आलेलं.

"आवो, नाटक होतं ते!" काका ओरडले.

"आमाला काय ठाव, मालक? तुमी तर गावापुढं बोलले," त्यांतली थोरली बाई पदराआड हसत म्हणाली. "पात तर आमी बी तेवढीच धरतो."

"ह्या पोरीनं लिहून दिलं होतं!" काकांनी माझ्याकडे बोट केलं. मी लगेच आभाळ बघायला लागले. आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला सांगू!

काकांनी आशेनं गड्यांकडे पाहिलं. पण त्यांच्याही बायका बांधावरच होत्या, त्यामुळे कुणी मान वर केली नाही.

"देतो, देतो. उठा आता!"

संध्याकाळी काकांनी कुरकुरत सगळ्यांना सारखे पैसे दिले. बायका निघणार, तेवढ्यात काकू पुढे आली. लग्न होऊन आल्यापासून ती याच शेतात राबते. आजही दिवसभर विळा तिच्या हातात होता. तिनं काकांपुढे हात केला.

काका हसले. बायका हसल्या. मीही हसले, पण काकूच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू विरून गेलं.

"तुला कशाला? समदं तुझंच हाय की," काका म्हणाले.

"मग द्या की," काकू म्हणाली. हात तिनं मागे घेतला नाही.